मलकापूर ते शेगाव, आकाशातून: लहान विमानाच्या इंधनाचा हिशेब

बुलढाणा जिल्ह्यात नियमित वापरातला विमानतळ नाही. पण नकाशावर जळगाव आणि अकोला या दोन विमानतळांना जोडणारी सरळ रेघ ओढा. ती मलकापूर, नांदुरा आणि शेगाव यांच्या जवळून, रेल्वेमार्ग आणि राष्ट्रीय महामार्गाच्या सोबतीनं जाते. २०२१मध्ये विमानतळ प्राधिकरणानं नव्या वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी देशातले जे पाच विमानतळ निवडले, त्यांत जळगाव होतं. अमरावतीजवळच्या बेलोऱ्यात ३४ प्रशिक्षण विमानांची संस्था उभारण्याची घोषणा एअर इंडियानं २०२४मध्ये केली. शिरपूर, बारामती आणि गोंदिया इथं तर अशा संस्था आधीपासून आहेत.

त्यामुळे वैमानिक व्हायला निघालेली मुलंमुली, त्यांचे पालक आणि ज्यांच्या शेतावरून ही विमानं जातात ते शेतकरी, यांच्याकडून तेच तेच प्रश्न येत राहतात. टाकी भरली की काम झालं का? काटा अर्ध्यावर असेल तर किती वेळ उडता येतं? हवेत इंजिनची ताकद गेली तर विमान लगेच कोसळतं का? आणि ते आपल्या शेतात उतरलं तर काय करायचं?

आधी लिटर विसरा, मिनिटं धरा

मोटारसायकलची टाकी संपत आली की आपण कॉक फिरवून रिझर्व्हवर घेतो आणि पुढचा पंप गाठतो. लहान विमानात असा कॉक नाही आणि वाटेत पंपही नाही. राखीव इंधन त्याच टाकीत असतं. ते फक्त तुमच्या कागदावर वेगळं काढलेलं असतं. म्हणून प्रत्येक आकडा वेळेत बदलून लिहा: इतकं इंधन म्हणजे इतकी मिनिटं, आणि घड्याळात अमुक वाजता राखीव साठा सुरू होतो.

आंतरराष्ट्रीय निकषानुसार दिवसा, डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवर उडणाऱ्या लहान विमानानं मुक्कामाला पोहोचेपर्यंतचं इंधन आणि त्यावर किमान ३० मिनिटांचा अंतिम राखीव साठा बाळगायचा असतो. रात्री हा साठा ४५ मिनिटांचा. तुमच्या संस्थेच्या पुस्तिकेत याहून जास्त सांगितलं असेल, तर तेच तुमच्यासाठी बंधनकारक. दिवसाच्या अशा उड्डाणाला पर्यायी विमानतळाचं इंधन घेण्याची सक्ती नसली, तरी ते घ्या. विदर्भ-खानदेशात पावसाळ्यातली एक सर धावपट्टी अर्धा तास झाकून टाकू शकते.

जळगाव–अकोला–जळगाव: कागदावरचं उड्डाण

सेस्ना १५२ हे प्रशिक्षणातलं जुनं, ओळखीचं विमान. त्याच्या साध्या टाक्यांतलं वापरता येणारं इंधन २४.५ अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ९२ लिटर. ताशी खप २३ लिटर धरू आणि हवेतला वेग ९५ नॉट, म्हणजे तासाला ९५ सागरी मैल. जळगाव ते अकोला सरळ अंतर सुमारे ८२ सागरी मैल. वारा नसेल तर एका बाजूला ५२ मिनिटं आणि जाऊन-येऊन १०४ मिनिटं लागतात.

आता जुलै महिना धरा. पश्चिमेकडून २५ नॉटचा वारा आहे. जाताना तो पाठीशी असतो: जमिनीवरचा वेग १२० नॉट आणि अकोला ४१ मिनिटांत. परतताना तोच वारा समोरून येतो. वेग ७० नॉटवर उतरतो आणि जळगावला ७० मिनिटं लागतात. एकूण १११ मिनिटं झाली. जाताना वाचलेली मिनिटं येताना गेलेल्या मिनिटांची भरपाई करत नाहीत, कारण समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ राहतो. शिवाय जळगावहून निघणाऱ्यासाठी अवघड टप्पा शेवटी येतो. जाताना शेगाव इतक्या लवकर मागे पडतं की इंधन भरपूर आहे असं वाटू लागतं, आणि हाच समज परतताना घात करतो.

पूर्ण बेरीज अशी:

- इंजिन सुरू करणं, टॅक्सी, उंची घेणं: ५ लिटर
- जळगाव ते अकोला: १६ लिटर
- अकोला ते जळगाव: २७ लिटर
- प्रवासाच्या इंधनावर दहा टक्के जादा: ४ लिटर
- जळगाव बंद असेल तर छत्रपती संभाजीनगर, सुमारे ६७ सागरी मैल: १७ लिटर
- अंतिम राखीव, ३० मिनिटं: १२ लिटर

एकूण ८१ लिटर. काठोकाठ भरलेल्या टाकीतून फक्त ११ लिटर, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत-बाहेरचं इंधन शिल्लक राहतं. अकोल्याला धावपट्टीभोवती दोन जादा फेऱ्या मारल्या, वाट चुकून दहा मिनिटं गेली, की त्यातलं बहुतेक संपलं. टाकी पाऊण भरलेली असेल तर हातात ६९ लिटर आहेत आणि हे उड्डाण बसत नाही. मग अकोल्यात इंधन घ्यावं लागेल किंवा मार्ग आखूड करावा लागेल. विमानाच्या पेट्रोलची सोय प्रत्येक छोट्या विमानतळावर असेलच असं नाही, म्हणून निघण्याआधी फोन करून खात्री करा.

टाकी नेहमी भरूनच निघावं, हा सल्लाही सरसकट चालत नाही. या विमानाचं कमाल वजन ७५७ किलो. भरलेल्या टाकीतलं इंधन ६७ किलो होतं. दोन भारदस्त माणसं बसली की वजनाची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. अशा वेळी इंधन कमी कराल, तर त्याच कागदावर मार्गही कमी करा. एक कमी करून दुसरं तसंच ठेवणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे.

नांदुऱ्यावर घड्याळ पाहा

निर्णयाची जागा उड्डाणाआधीच ठरवून ठेवा. परतीच्या वाटेवर वरच्या हिशेबानं अकोल्याहून शेगाव सुमारे १८ मिनिटांवर, नांदुरा ३० मिनिटांवर आणि मलकापूर ४२ मिनिटांवर येतं. ही मिनिटं कागदावर लिहा आणि गाव खाली आलं की खरी वेळ शेजारी टिपा. नांदुऱ्याला पाच मिनिटं उशीर झाला तर जळगावला पोहोचेपर्यंत तो बारा मिनिटांवर जातो, म्हणजे जादा घेतलेले चार लिटर संपले. त्याच वेळी मलकापूरच्या पलीकडे ढग दिसत असतील तर वारा पाठीशी घेऊन अकोल्याला परत फिरा. नांदुऱ्यावरून हे सहज जमतं. जळगाव दिसू लागल्यावर फिरायचं ठरवलं तर तोवर इंधनानं पर्याय कमी केलेले असतात.

पुस्तिकेतला खपाचा तक्ताही अटींसह वाचा. तो मिक्स्चर, म्हणजे हवा-इंधनाचं मिश्रण, नीट पातळ केलेल्या इंजिनसाठी असतो. पूर्ण उड्डाण मिक्स्चर दाट ठेवून केलं तर इंजिन तक्त्यापेक्षा बरंच जास्त पितं. शिवाय तक्ता फ्लॅप, म्हणजे पंखांमागच्या झडपा, वर असलेल्या विमानाचा असतो. १५ नोव्हेंबर १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचं ए-३०० विमान मद्रासहून हैदराबादला निघालं होतं. तिथं दृश्यमानता कमी असल्यानं उतरता आलं नाही, फ्लॅप पुन्हा आत जाईनात, आणि तसंच ते परत वळवलं गेलं. वाढलेल्या अवरोधानं इंधन खाल्लं आणि विमान तिरुपतीजवळच्या भातखाचरात उतरवावं लागलं. सगळे वाचले. विमान मोठं होतं, पण धडा सेस्नालाही लागू आहे: विमानाचं रूप बदललं की आधीची बेरीज रद्द, नवी करा.

टाकी डोळ्यांनी पाहा

लहान विमानात नुसत्या इंधनाच्या काट्यावर विसंबू नका. पंखावर चढा, झाकण उघडा आणि त्याच विमानासाठी आखलेली पट्टी टाकीत बुडवून मोजा. दुसऱ्या विमानाची पट्टी चालत नाही.

- एकक: पट्टीवर लिटर आहेत की गॅलन, पावतीवर काय आहे, पुस्तिकेत काय आहे, तिन्ही जुळवा. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचं बोइंग ७६७ इंधन संपून ४१ हजार फुटांवर शांत झालं. लिटरचं वजन काढताना किलोऐवजी पौंडाचा गुणक लागला होता. गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर ते उतरवलं गेलं.
- रंग: १०० एलएल हे विमानाचं पेट्रोल निळसर असतं. रंग उडालेला असेल किंवा रॉकेलचा वास येत असेल, तर पेट्रोलच्या इंजिनात जेट इंधन गेल्याची शंका घ्या. ज्या आवारात डिझेल इंजिनाची डायमंड विमानंही उभी असतात, तिथं ही गफलत सहज होते. प्रवासी विमानांचं जेट इंधनच ती पितात.
- पाणी: रात्रभर पावसात उभ्या विमानाच्या प्रत्येक निचऱ्यातून नमुना घ्या. पाणी तळाशी बसतं. नमुना सगळाच पाण्याचा असेल तर मधली रेघ दिसत नाही आणि तो स्वच्छ वाटतो, म्हणून रंगाशी ताडून पाहा. पाणी निघालं तर स्वच्छ इंधन येईपर्यंत काढत राहा. येतच राहिलं तर उड्डाण रद्द.
- हवेचं भोक: टाकीत हवा जाण्याची नळी बुजली की इंधन असूनही ते इंजिनपर्यंत येत नाही. काही दिवस उभ्या विमानात कुंभारीण माशी अशा नळीत मातीचं घर करते.
- झाकण: नीट न बसलेल्या झाकणातून पावसाचं पाणी आत जातं आणि उडताना पंखावरची हवा इंधन बाहेर ओढते.

डावी-उजवी टाकी निवडण्याचा खटका असलेल्या विमानात आणखी एक काळजी. एका टाकीत इंधन असताना दुसरी रिकामी होऊन इंजिन बंद पडल्याच्या घटना जगभर घडत आल्या आहेत. टाकी बदलण्याची वेळही कागदावर लिहा, आणि बदल कमी उंचीवर करू नका.

पावसाळ्यात विदर्भातही बर्फ

कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो हे सांगितलं की इथल्या विद्यार्थ्यांना आधी पटत नाही. अकोल्याचा मे महिना पाहिलेल्या माणसाला ते कसं पटावं? पण कार्ब्युरेटरच्या अरुंद घशात इंधनाची वाफ होताना हवा तीस अंशांहून जास्त थंड होऊ शकते. बाहेर पंचवीस अंश आणि दमट हवा, म्हणजे बुलढाण्याच्या पठारावरचा साधा ऑगस्ट, या धोक्याला पुरेशी आहे. थ्रॉटल मागे घेऊन उतरत असताना धोका सर्वांत जास्त.

लक्षण हळू येतं. हात न लावता इंजिनचे फेरे कमी होतात. नवखा वैमानिक थ्रॉटल थोडं पुढे करतो आणि बर्फ वाढत राहतो. फेरे विनाकारण उतरले की कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा खटका, पूर्ण ओढा, अर्धवट नको. बर्फ वितळून पाणी आत गेलं की इंजिन काही क्षण आणखी धडधडतं. तिथं घाबरून हीट बंद करू नका, फेरे परत येईपर्यंत धीर धरा. सेस्ना १७२एससारख्या, इंधन थेट फवारणाऱ्या इंजिनांना कार्ब्युरेटर नसतो, त्यामुळे हा त्रासही नसतो.

उन्हाळ्यात प्रश्न उलटा. हजार फूट उंचीच्या धावपट्टीवर ४४ अंश तापमानाला इंजिन आणि पंख असे वागतात, जणू ते पावणेपाच हजार फुटांवर आहेत. ताकद आठवा हिस्सा किंवा त्याहून जास्त घटलेली असते. हा बिघाड नाही, पण उड्डाण घेण्यासाठी लागणारी धाव आणि चढण्याचा वेग त्यानुसारच काढा. शक्यतो सकाळी उडा.

ताकद गेली तर

इंजिन थांबलं म्हणून विमान कोसळत नाही, ते तरंगत उतरतं. जमिनीपासून तीन हजार फुटांवर असाल तर सेस्ना साडेचार सागरी मैल, म्हणजे सुमारे आठ किलोमीटर जाऊ शकतं आणि तुमच्या हातात चार मिनिटांहून थोडा जास्त वेळ असतो. समोर वारा असेल तर अंतर घटतं.

१. नाक सावरा आणि तरंगण्याचा वेग धरा: सेस्ना १५२ला ६० नॉट, १७२एसला ६८.
२. शेत निवडा आणि त्याच्याकडे वळा.
३. मग इंजिन परत सुरू करून पाहा: कार्ब हीट, इंधनाचा खटका, मिक्स्चर, इग्निशन. तुमच्या विमानाची यादी पाठ हवी.
४. रेडिओवर ‘मेडे’ ही संकटाची हाक, ट्रान्सपॉन्डरवर ७७०० हा संकटाचा संकेतांक. कोणी ऐकत नसेल तर १२१.५ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी.
५. इंजिन येत नसेल तर इंधन व इग्निशन बंद, पट्टे घट्ट, दारं अर्धवट उघडी. फ्लॅपचं काम झालं की वीजही बंद.

उड्डाण घेताच कमी उंचीवर इंजिन गेलं तर समोरच, फार तर थोडं डावं-उजवं बघून उतरा. धावपट्टीकडे मागे वळण्याच्या मोहात विमानाचा वेग जातो आणि ते गिरकी घेऊन आदळतं.

ताकद अर्धवट जाणं अधिक फसवं. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेनं २००० ते २०१० या काळातल्या, एक इंजिनाच्या विमानांनी उड्डाण घेतल्यानंतरच्या घटना तपासल्या. अर्धवट ताकद जाण्याच्या २४२ घटनांपैकी ९ जीवघेण्या ठरल्या. इंजिन पूर्ण बंद पडण्याच्या ७५ घटनांत एकही जीव गेला नाही. इंजिन थोडंफार चालू असलं की माणूस उतरण्याचा निर्णय पुढे ढकलतो. तुम्ही उंची टिकवू शकत नसाल, तर इंजिन पूर्ण गेलं असं समजूनच वागा.

खालची जमीन वाचा

हा मार्ग निवडण्याचं एक कारण खाली आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सपाट आहे. दक्षिणेला राजूर घाट, बोथ्याचं जंगल आणि अजिंठ्याची रांग. उत्तरेला जळगाव जामोद-संग्रामपूरच्या डोक्यावर सातपुडा. जवळचा रस्ता म्हणून घाटावरून जाण्याआधी विचार करा की तिथं इंजिन थांबलं तर उतरणार कुठं.

सपाट जमीनही ऋतूनुसार बदलते. सोयाबीन निघाल्यानंतरचं रान किंवा हरभऱ्याचं शेत चांगलं. डिसेंबरातली तूर माणसाच्या डोक्याएवढी असते आणि कपाशीही दाट. पावसानं भिजलेल्या काळ्या मातीत चाकं रुततात आणि विमान नाकावर उलटू शकतं, म्हणून तिथं शक्य तितक्या कमी वेगानं, नाक वर धरून टेका. समृद्धी किंवा राष्ट्रीय महामार्ग वरून मोकळा दिसतो, पण दुभाजक, पूल, खांब आणि धावती वाहनं वरून नीट कळत नाहीत. तारा तर दिसतच नाहीत. खांब शोधा, तार त्यांच्या मधे आहे असं धरा.

विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी वापरायचे हक्क

- उड्डाणात विमानाच्या सुरक्षिततेचा अंतिम निर्णय मुख्य वैमानिकाचा असतो. एकट्यानं उडणारी विद्यार्थिनी हीच त्या विमानाची मुख्य वैमानिक. इंधन कमी वाटलं म्हणून उड्डाण नाकारणं तिच्या अधिकारात आहे.
- ठरलेल्या विमानतळावर उतरण्याशिवाय मार्ग नाही आणि आणखी उशीर झाला तर अंतिम राखीव इंधनाला हात लागेल, असं दिसताच ‘मिनिमम फ्यूएल’ कळवा. यानं प्राधान्य मिळत नाही, नियंत्रकाला कल्पना मिळते. उतरताना राखीव साठ्याहून कमी उरणार हे स्पष्ट झालं की ‘मेडे, मेडे, मेडे फ्यूएल’. संकोच करू नका.
- आधीच्या वैमानिकानं इंजिनबद्दल काय तक्रार नोंदवली आणि तिचं काय झालं, ही नोंदवही उड्डाणाआधी पाहा. स्वतःची तक्रार तोंडी सांगून सोडू नका, लिहा.
- प्रवेशाआधी पालकांनी विचारावं: एकट्याच्या लांब उड्डाणाला किती राखीव इंधन सक्तीचं आहे, इंधन मोजून कोण सही करतं, पावसाळ्यात उड्डाणं रद्द करण्याचा नियम काय. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं २०२५पासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणी जाहीर करायला सुरुवात केली आहे, तीही पाहा.

व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उड्डाण लागतं आणि त्यात ३०० सागरी मैलांचा एकट्यानं केलेला प्रवासही असतो. तास लवकर पुरे करण्याची घाई विद्यार्थ्याला असते, संस्थेलाही असते. हे प्रश्न त्या घाईत विचारायचे राहून जातात, म्हणून फी भरण्याआधी विचारा.

विमान तुमच्या शेतात उतरलं तर

१६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या संस्थेचं प्रशिक्षण विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळच्या डोंगराळ भागात कोसळलं. प्रशिक्षक गेले, पण जखमी प्रशिक्षणार्थी तरुणीला आदिवासी गावकऱ्यांनी झोळी करून खाली आणलं. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत एकट्यानं उडणाऱ्या २२ वर्षांच्या प्रशिक्षणार्थी तरुणीचं सेस्ना १५२ शेतात कोसळलं आणि ती किरकोळ जखमांवर वाचली. दोन्हीकडे विमानापाशी आधी गावातलीच माणसं पोहोचली. म्हणून एवढं करा:

- ११२ आणि १०८वर फोन करा. गाव, शिवार, जवळचा रस्ता सांगा.
- विडी, काडी, चालू ट्रॅक्टर लांब ठेवा. पंखातल्या टाकीतून पेट्रोल सांडत असतं.
- पंख्याच्या पात्यांपुढे जाऊ नका. थांबलेला पंखाही फिरू शकतो.
- आग किंवा धूर नसेल आणि जखमी बोलत असेल तर मान न हलवता मदत येईपर्यंत धीर द्या. आग दिसली तर मात्र लगेच बाहेर ओढा.
- माणसं वाचवण्यापुरतंच विमान हलवा. तुकडे, कागद, टाकीतलं उरलेलं इंधन यांना हात लावू नका. इंधन संपलं होतं की नाही, हे तपास यंत्रणा त्यावरूनच ठरवते. गर्दीतल्या पोरांनी उचललेला तुकडा परत ठेवायला लावा.
- पिकाचं नुकसान, गर्दीनं तुडवलेलं रान धरून, त्याच दिवशी फोटोंसह नोंदवा. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि विमान चालवणाऱ्या संस्थेकडे लेखी मागणी द्या. पोहोच घ्यायला विसरू नका.